इंग्रजीचा उतारा आणि घरातली भाकर



पालकांशी बोलताना एक तक्रार हल्ली सारखी कानावर येते. "पोरगं इंग्रजी घडाघडा वाचतं, पण काय वाचलं ते विचारलं की गप्प बसतं." सांगणारे कोणी गवंडी आहेत, कोणी हमाल, कोणी ऊसतोडीवरून परतलेले, कोणी अंगणवाडीत मदतनीस. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी शिकवणीची फी भरलेली असते. निबंध पाठ असतो, पत्राचा नमुना पाठ असतो, शब्दार्थांची वही भरलेली असते. तरी दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात पाठ्यपुस्तकाबाहेरचा उतारा आला की लेकरू अडते. हा उतारा आधी कोणी शिकवलेला नसतो. तो तिथल्या तिथे वाचायचा, समजून घ्यायचा आणि उत्तरे लिहायची. पाठांतराची शिदोरी त्या ठिकाणी संपते.

आजच्या सदरात या उताऱ्याचाच विचार करू. त्यासाठी नवे पुस्तक घ्यायला नको की नवी शिकवणी लावायला नको. घरातले अन्न, टपरीवरचे पाकीट आणि रोजची वीस मिनिटे एवढ्यावर हा अभ्यास होतो.

वाचले, पण कळले का?

महाराष्ट्रातील मराठी शाळांत जून २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्यापूर्वी पाचवीत गेल्यावर एबीसीडी गिरवली जायची. आमची पिढी तशीच शिकली. म्हणजे आज दहावीला बसणारे मूल दहा वर्षे इंग्रजीच्या तासाला बसलेले असते. एवढ्या वर्षांनी त्याला दहा ओळींचा उतारा कळत नसेल, तर त्याच्या डोक्याला दोष देऊ नये. अक्षरे जोडून उच्चार करायची सवय त्याला लागली. अर्थ शोधायची सवय कोणी लावलीच नाही.

ही अडचण केवळ आपल्या वस्तीची नाही. 'असर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाहणीत २०२३ साली देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना इंग्रजीतली साधी वाक्ये वाचायला दिली होती. शंभरातील सुमारे ५७ जणांना ती वाचता आली. त्या वाचणाऱ्यांपैकी जेमतेम तीन चतुर्थांश मुलांना वाक्याचा अर्थ सांगता आला. म्हणजे वाचणाऱ्या चार लेकरांपैकी एक जण नुसता आवाज काढत होता.

कारकुनीच्या नोकरीत मला याचे पुढचे टोक दिसते. टेबलासमोर उभा राहणारा तरुण बारावी झालेला असतो. कागदावरचा इंग्रजी मजकूर तो ओठ हलवून वाचतो आणि मग विचारतो, "साहेब, इथं सही करू का?" आपण कशावर सही करतो आहोत हे त्याला ठाऊक नसते. कर्जाचा कागद, कंपनीतला करार, दवाखान्यातले संमतिपत्र, सगळीकडे हीच गत. उताऱ्याचे गुण महत्त्वाचे आहेतच. पण ही सवय लागली नाही तर नुकसान गुणपत्रिकेवर थांबत नाही.

ज्याची जाण, त्याचे वाचन सोपे

अमेरिकेत १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. सातवी-आठवीच्या ६४ मुलांना त्यांनी बेसबॉलच्या सामन्यावरचा एक मजकूर वाचायला दिला. बेसबॉल हा तिकडचा चेंडूफळीचा खेळ. काही मुले वाचनात हुशार होती, काही कच्ची होती. काहींना खेळाची चांगली माहिती होती, काहींना नव्हती. निकाल असा लागला की वाचनात कच्ची पण खेळाची जाणकार मुले, वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. विषय ओळखीचा असला की अडलेला शब्दही अंदाजाने सुटतो. विषयच परका असेल, तर सगळे शब्द येऊनही अर्थ हाती लागत नाही.

आता आपल्या लेकरांकडे पाहा. शिकवणीतल्या सरावाच्या उताऱ्यात वाढदिवसाचा केक असतो, समुद्रकिनाऱ्यावरची सहल असते, मोठ्या हॉटेलातले जेवण असते. परभणी जिल्ह्यातल्या देवगाव फाट्यावरच्या लेकराने यातले किती पाहिलेले असते? त्याला शब्द अडतो, वाक्य अडते आणि वर विषयही अडतो. तीन ओझी एकदम उचलायला सांगितल्यावर कोणीही खाली बसेल.

पण तेच लेकरू ज्वारीची पेरणी कधी होते ते सांगते. टाळकी ज्वारी आणि हायब्रीड यांतला फरक त्याला कळतो. भाकर का चिरते, डाळीला फोडणी कशाची देतात, कडब्याची पेंढी कशी बांधतात, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. अन्नाच्या विषयात आपली मुले कच्ची नाहीत. म्हणून इंग्रजी वाचनाचा सराव अन्नापासून सुरू करावा. एक ओझे आधीच उतरलेले असते.

पहिला धडा : टपरीवरचे पाकीट

देवगाव फाट्यावर एसटीची वाट पाहत दहा मिनिटे उभे राहावे. टपरीला वेफर्स, शेव आणि कुरकुऱ्यांच्या पाकिटांच्या माळा लटकलेल्या असतात. आत बिस्किटे आणि थंड पेयांच्या बाटल्या. प्रत्येकावर इंग्रजीचा एक छोटा उतारा छापलेला आहे. कायद्याप्रमाणे हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत असावा लागतो. मराठीची सक्ती नाही, म्हणून बहुतेक पाकिटे इंग्रजीतच बोलतात. खाऊन झाले की पाकीट फेकण्याआधी लेकराच्या हाती द्यावे.

'इन्ग्रेडियंट्स' या शब्दाखाली पदार्थ कशाकशापासून बनला ते लिहिलेले असते. त्याचा नियम असा की जे सर्वांत जास्त वजनाचे ते सर्वांत आधी, आणि पुढे उतरत्या क्रमाने. 'नेट क्वांटिटी' म्हणजे आतल्या मालाचे निव्वळ वजन. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या मुदतीपर्यंत चव आणि दर्जा चांगला राहतो. 'यूज बाय' किंवा 'एक्सपायरी' ही तारीख उलटली की तो पदार्थ खाऊच नये. चौकोनातला हिरवा ठिपका शाकाहाराचा, तपकिरी त्रिकोण मांसाहाराचा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्याचा क्रमांक १४ आकडी असतो. 'मे कंटेन नट्स' याचा अर्थ शेंगदाणे-बदाम यांसारखे काही आत असू शकते, असेलच असे नाही. 'मे' या छोट्या शब्दाने वाक्याचा अर्थ कसा बदलतो, हे पाकिटावरून जितके पटकन कळते तितके व्याकरणाच्या पुस्तकातून कळत नाही.

विहारात आम्ही रविवारी मुलांना घेऊन बसतो. तिथे एकदा बिस्किटाचे पाकीट फिरवले. आठवीतल्या एका मुलाने सगळा मजकूर न अडखळता वाचला. मी विचारले, "यात सगळ्यात जास्त काय आहे?" तो पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. मग उतरत्या क्रमाचा नियम सांगितला. सहावीतली एक मुलगी, जी एकेक अक्षर लावून वाचते, ती बराच वेळ पाकिटाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "सर, मैदा पहिला आहे, दुसरी साखर. पण खाली हे सिरप लिहिलंय, ते पण गोडच असतं ना? मग साखर दोनदा का लिहिली?"

प्रश्न अगदी नेमका होता. 'शुगर', 'इन्व्हर्ट सिरप', 'ग्लुकोज' अशी गोडाची निरनिराळी नावे यादीत विखुरलेली असतात. एकेक पाहिले तर थोडे वाटते, बेरीज केली तर कळते. पोरीने ती बेरीज केली. तिचे वाचन संथ आहे, पण ती वाचलेल्याचा विचार करते. उताऱ्याच्या प्रश्नात गुण यालाच मिळतात.

थोड्या मोठ्या मुलांना पोषणाचा तक्ता द्यावा. त्यात १०० ग्रॅममागे किती ऊर्जा, किती साखर, किती सोडियम ते दिलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सोडियम २००० मिलिग्रॅमच्या आत. पाकिटात १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल आणि पाकीट ५० ग्रॅमचे असेल, तर पोटात किती गेले? इंग्रजी, गणित आणि विज्ञान यांचा तास एका पाकिटात होतो.

एका शब्दाने जीव वाचतो

वाचून अर्थ कळणे हा कधी कधी जिवाचा प्रश्न होतो. उन्हाळ्यात, पावसाळ्याच्या तोंडाला लेकरांना जुलाब होतात आणि आपण ओआरएसची पुडी आणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे मोठी पुडी २०.५ ग्रॅमची असते. त्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम. ही पुडी १ लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवायची आणि तयार पाणी २४ तासांत वापरायचे, उरले तर टाकून द्यायचे. बाजारात २०० मिलिलिटरची लहान पुडीही मिळते. मोठी पुडी कोणी पेलाभर पाण्यात मिसळली तर मिठाचे प्रमाण पाचपट होते आणि लेकराला अपाय होतो. 'डिझॉल्व्ह इन वन लिटर ऑफ वॉटर' या एका ओळीत सगळे सांगितलेले असते. वर उल्लेखलेल्या 'असर'च्या पाहणीत ओआरएसच्या पुडीवरील सूचनांवर चार प्रश्न होते. ज्यांना वाचता येत होते त्यांच्यातल्याही सुमारे दोन तृतीयांश मुलांनाच किमान तीन उत्तरे देता आली.

याहून मोठा धडा नावाचा आहे. अनेक वर्षे काही गोड पेये नावात मोठ्या अक्षरांत 'ओआरएस' लावून विकली जात होती. जुलाब लागलेल्या मुलाला जास्त साखरेचे पेय दिले तर आतड्यात पाणी ओढले जाते आणि जुलाब वाढतात. २०२२ साली अशा पेयांना एका अटीवर मुभा मिळाली होती. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले ओआरएस हे नव्हे, अशी सूचना त्यांच्यावर छापायची. म्हणजे नावात 'ओआरएस' आणि दुसरीकडे सूचनेत 'नॉट'. आई-बाप नाव वाचत, 'नॉट' वाचत नसत. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे पाठपुरावा केला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली.

म्हणून मुलांना 'नॉट', 'ओन्ली', 'बट', 'अनलेस', 'एक्सेप्ट' हे शब्द दिसले की त्यांभोवती पेन्सिलने गोल करायला लावावे. उताऱ्यातली निम्मी चूक-बरोबरची उत्तरे याच शब्दांवर फसतात.

दुसरा धडा : भाकरीचा उतारा

ज्या आईला किंवा वडिलांना इंग्रजी अक्षरे येत नाहीत, त्यांनाही हा धडा घेता येईल. खालचा उतारा इंग्रजीतला आहे, पण आपल्या लिपीत दिला आहे. पालकांनी तो सावकाश वाचून दाखवावा आणि लेकराने इंग्रजी अक्षरांत वहीत उतरवून घ्यावा.

"जोवार इज द मेन फूड ऑफ मेनी फॅमिलीज इन परभणी डिस्ट्रिक्ट. फार्मर्स सो रब्बी जोवार इन सप्टेंबर अँड ऑक्टोबर. दे कट द क्रॉप इन फेब्रुवारी ऑर मार्च. मदर मिक्सेस द फ्लावर विथ हॉट वॉटर. जोवार हॅज नो ग्लूटेन, सो द भाकरी ब्रेक्स ईझिली. हॉट वॉटर होल्ड्स द डो टुगेदर. वुई ईट भाकरी विथ डाळ, ठेचा ऑर ग्रीन व्हेजिटेबल्स. द ड्राय स्टॉक्स आर नॉट थ्रोन अवे, बिकॉज कॅटल ईट देम इन समर."

लिहिताना दोन ठिकाणी मजा होईल. 'सो' हा आवाज उताऱ्यात दोनदा आला आहे. एका ठिकाणी त्याचा अर्थ पेरणे, दुसऱ्या ठिकाणी म्हणून. दोन्हींचे स्पेलिंग वेगळे. 'फ्लावर' म्हणजे फूलही आणि पीठही. उच्चार एक, स्पेलिंग दोन. मूल आधी चुकले तर लगेच सांगू नये. "आपण गरम पाण्यात फूल मिसळतो का?" एवढेच विचारावे. ते स्वतः दुरुस्त करील. बाजूची वाक्ये पाहून शब्दाचा अर्थ ठरवायचा असतो, हे त्याला तिथेच कळते.

मग प्रश्न विचारावेत. पेपरातले प्रश्नही साधारण याच पाच जातींचे असतात.

पहिली जात सरळ माहितीची. रब्बी ज्वारी कधी पेरतात? उत्तर उताऱ्यात जसेच्या तसे आहे; 'व्हेन' म्हटले की वेळ शोधायची, 'हू' म्हटले की माणूस, 'व्हेअर' म्हटले की ठिकाण.

दुसरी जात अंदाजाची. आई गरम पाणी का वापरते? हे उत्तर एका वाक्यात नाही. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो हे एक वाक्य, आणि गरम पाण्याने पीठ एकत्र धरून राहते हे दुसरे. दोन्ही जोडली की उत्तर तयार. मुलांचे गुण जास्त करून इथेच जातात, कारण ती एकाच ओळीत उत्तर शोधत बसतात.

तिसरी जात शब्दांची. 'ड्राय स्टॉक्स' म्हणजे काय? शब्दकोशात वाळलेली ताटे असे मिळेल. आपल्या लेकराने 'कडबा' म्हटले की त्याला उतारा कळला असे समजावे.

चौथी जात व्याकरणाची. शेवटच्या वाक्यातला 'देम' कोणाबद्दल आहे? गुरांबद्दल की कडब्याबद्दल? 'ही', 'शी', 'इट', 'देम' हे शब्द कोणाच्या जागी बसले आहेत ते ओळखता आले, की लांब वाक्याची भीती जाते.

पाचवी जात स्वतःच्या मताची. तुमच्या घरी भाकरीबरोबर काय खातात, दोन-तीन वाक्यांत लिहा. इथे गाईडातले पिझ्झा-बर्गर लिहू नये. चटणी, पिठले, अंबाडीची भाजी जे खरे असेल ते लिहावे. आपल्या जेवणाची लाज इंग्रजीतही बाळगायचे कारण नाही. खरे लिहिताना वाक्य सुचते, खोटे लिहिताना पाठ केलेले आठवावे लागते.

तिसरा धडा : बातमी

भाकरीचा उतारा जमला की थोडी वरची पायरी घ्यावी. परभणीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ ची. या विद्यापीठाने इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर केलेल्या कामातून २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण आला. त्याच्या दाण्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त असते. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांत ज्वारीवर पुष्कळ लिहून आले.

अशा मजकुरात 'आयर्न' हा शब्द येतो. मुलाला त्याचा अर्थ इस्त्री किंवा लोखंड एवढाच माहीत असतो. "ज्वारीत इस्त्री कशी?" असे विचारले की ते हसते आणि विचार करू लागते. रक्त कमी असलेल्या बायांना दवाखान्यात ज्या गोळ्या देतात, त्यातले जे लोह, तेच हे. आईच्या गोळ्यांच्या पाकिटावरही तो शब्द सापडतो. एक शब्द असा तीन ठिकाणी भेटला की पुन्हा पाठ करावा लागत नाही.

चौथा धडा : डब्यातले अन्न

नववी-दहावीच्या आणि त्यापुढच्या मुलांसाठी एक मजकूर आवर्जून सांगावासा वाटतो. बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या आठवणी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकेच्या रूपात प्रसिद्ध केल्या. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात त्या अभ्यासाला आहेत. तरी भाषा इतकी सरळ आहे की आपल्या दहावीच्या मुलाला थोड्या मदतीने ती वाचता यावी.

त्यातली पहिली आठवण १९०१ च्या सुमाराची, कोरेगावच्या प्रवासाची. साताऱ्याहून निघालेली लहान मुले रेल्वेने मसूरला उतरतात आणि पुढे बैलगाडीने वडिलांकडे जातात. बरोबर खाण्याचा डबा आहे, त्यात अन्नही भरपूर आहे. पण वाटेत त्यांना कोणी प्यायला पाणी देत नाही. रात्री मुले डबा जवळ असूनही उपाशी झोपतात.

या मजकुरावर एकच प्रश्न विचारावा. डब्यात अन्न असताना मुले उपाशी का झोपली? घाईत वाचणारा मुलगा म्हणेल, पाणी नव्हते म्हणून. मग विचारावे, पाणी कुठेच नव्हते का? पाणी होते, ते या मुलांना कोणी दिले नाही. आणि का दिले नाही? एक का, मग दुसरा का, मग तिसरा. अंदाजाचे प्रश्न असेच सोडवायचे असतात. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना जवळ बसवून घ्यावे. त्यांना इंग्रजी येत नसेल, पण या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे आहे. लेकराने इंग्रजीत वाचावे आणि आजीने मराठीत समजावून सांगावे, असा अभ्यास आपल्याच घरात होऊ शकतो.

रोजची वीस मिनिटे

हा अभ्यास कसा बसवावा? आठवड्यातले पाच दिवस, संध्याकाळी वीस मिनिटे पुरेत. पहिल्या दिवशी एक पाकीट घ्यावे. नवे पाचच शब्द वहीत लिहावेत, प्रत्येक शब्दापुढे नुसता अर्थ न लिहिता त्या शब्दाचे एक वाक्य करावे. दुसऱ्या दिवशी त्याच पाकिटावर मुलाने तीन प्रश्न तयार करावेत. प्रश्न तयार करणारा मुलगा उत्तर शोधायला आपोआप शिकतो. तिसऱ्या दिवशी घरात झालेल्या एका पदार्थाची कृती चार इंग्रजी वाक्यांत लिहावी. 'फर्स्ट', 'देन', 'आफ्टर दॅट', 'लास्ट' हे चार शब्द सांगून ठेवावेत. चौथ्या दिवशी पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद घ्यावा. आधी प्रश्न वाचावेत, मग परिच्छेद. पाचव्या दिवशी वाचलेले सगळे मराठीत तोंडी सांगावे. मराठीत सांगता आले नाही तर समजलेले नाही, एवढी साधी ही पारख आहे.

यात आईचे काम मोठे आहे. भाकरी थापता थापता तिने विचारावे, "आज काय वाचलंस, मला सांग." तिला न कळण्यासारखे लेकरू बोलले, तर लेकरालाच अजून नीट कळलेले नाही. वडिलांनी फाट्यावरून येताना खाऊ आणला, तर खाऊ वाचल्यावरच पाकीट फोडायचे असा घरचा नियम करावा. आणि एक विनंती मुलींच्या बाबतीत. चुलीपाशी, गॅसपाशी तिची मदत होते आणि मुलाची वही उघडी राहते, असे पुष्कळ घरांत अजून चालते. ही वीस मिनिटे दोघांची सारखी असावीत. त्या वेळेत तिला कोणी पाणी आणायलाही उठवू नये.

वाचताना मूल अडखळले तर हसू नये. भराभर वाचले म्हणून शाबासकीही देऊ नये. "काय कळलं?" हा प्रश्न रोज विचारला गेला, की महिन्याभरात ते स्वतःच ओळीवर थांबून विचार करू लागेल. वस्तीत चार-पाच मुले असतील तर विहारात एकत्र बसवावीत, मोठ्याने लहानाला प्रश्न विचारावेत. खर्च एका वहीचा आहे.

पुढील अंक हाती येईपर्यंत प्रत्येक घरात दहा पाकिटे जमवावीत आणि त्यांवरचे न कळलेले शब्द लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी औषधाच्या चिठ्ठीवरचे आणि गोळ्यांच्या पाकिटावरचे इंग्रजी कसे वाचावे ते पाहू.

जयभीम.